गल्लीतल्या पोरांनी मूकपट कसा करायचा (बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांसाठी)

शॉर्टफिल्म करायची म्हटलं की आपल्याकडं ग्रुपमध्ये पहिलं भांडण भाषेवरनं होतंय. चारजण मराठी मीडियमचे, दोघं कन्नड शाळेतले, एकाच्या घरी उर्दू, खानापूर साइडची एखादी कोकणी बोलणारी, आणि डायलॉग कुठल्याही भाषेत लिहा, कोणतरी दोघं पाठ करून म्हटल्यासारखंच बोलणार. वरनं मोबाईलचा माइक, वारं, बसचा हॉर्न, शेजारचं कुत्रं. हे सगळं एका झटक्यात सुटतंय, मूकपट करा. येळ्ळूरच्या आजीलाही कळणार आणि गोकाकच्या पाहुण्यालाही. फक्त सोपं समजून उतरू नका, कारण डायलॉग असले की कच्ची गोष्टसुद्धा बोलून बोलून पुढं ढकलता येते, इथं ती सोय नाही.

आधी कुठल्या प्रकारचा करायचा ते ठरवा. एक म्हणजे जुन्या पद्धतीचा, आवाजच नाही, मधे मधे मजकूर लिहिलेल्या पाट्या, वरनं संगीत. दुसरा म्हणजे डायलॉग नसलेला पण बाकीचे आवाज असलेला, कमल हासनचा १९८७ चा 'पुष्पक' तसाच आहे, बेंगळुरूत केलेला, पूर्ण पिक्चरभर कोण काही बोलत नाही पण आजूबाजूचे आवाज आहेत. ऐकायला दुसरा भारी वाटतो, पण त्यात पावलं, दार, भांडं सगळ्याचा आवाज नीट रेकॉर्ड करावा लागतो म्हणजे ज्या कटकटीतनं सुटायचं होतं तीच परत. पहिल्या वेळी सरळ जुन्या पद्धतीनं जा. आणि आपल्याला हे परकं नाही बरं का, इथनं बसनं अडीच-तीन तासांवर कोल्हापुरात शंभर वर्षांमागं बाबूराव पेंटर मूकपट करत होते, कॅमेरासुद्धा स्वतः तयार केलेला. तुमच्या खिशात तर तयार कॅमेरा आहे.

आता गोष्ट. इथंच सगळ्यात जास्त वेळ घालवा. लांबी पाच-सहा मिनिटं, माणसं दोन किंवा तीन, जागा शक्यतो एक. आणि गोष्ट अशी पाहिजे की जी बघून कळते. "त्याला मनातून वाईट वाटतं" हे लिहिलंत की थांबा, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तो ताट बाजूला सारतो, हे दिसतं.

एक उदाहरण देतो, पाहिजे तर हेच वापरा. वडगाव, खासबाग साइडला कितीतरी घरांत मागच्या खोलीत पॉवरलूम चालतात. तिथं मूकपट करायचा म्हटलं की पोरं म्हणतात, काय मर्दा, माग म्हणजे नुसता आवाज, आणि आवाजच नाही म्हटल्यावर दाखवायचं काय? पण मागाच्या शेजारच्या फळीवर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास ठेवा आणि मोबाईल अगदी जवळ नेऊन बघा. माग चालू असतोय तोवर पाण्यावर बारीक बारीक गोल लाटा उठत राहतात. लाईट गेली की धोटा, म्हणजे मागात सूत घेऊन इकडनं तिकडं पळणारा तुकडा, थांबतो, आणि दोन-तीन सेकंदांत पाणी आरशासारखं होतं. आवाज गेला हे बघणाऱ्याला डोळ्यानं कळलं. आता पलीकडच्या खोलीतली आजी दाखवा, जी मागाच्या खडखडाटात गाढ झोपलेली होती, ती आवाज थांबला म्हणून जागी होते. उठून बसते, काड्यापेटी चाचपते. मागावरचा मुलगा कपाळ पुसतो, सुताच्या कांड्यांच्या टोपलीकडं बघतो, उद्या साड्या द्यायच्या आहेत ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या गोल खुणेवरनं कळतं. एकही पाटी न टाकता कोण, कुठं, काय अडलं, एवढं सगळं झालं. पुढं काय होतं ते तुम्ही ठरवा.

ग्लासचा तो शॉट घेताना लाईट मागनं किंवा बाजूनं येऊ द्या, समोरनं आली तर लाटा दिसत नाहीत. फोकस पाण्याच्या कडेवर बोटानं लॉक करा. आणि चालू मागाजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस घेऊन कोणाला उभं करू नका, धोट्याच्या रेषेत तर अजिबात नाही. मालकाला विचारून आत जा आणि मागावर जो काम करतोय त्यालाही वेगळं विचारा. मालक हो म्हणाला म्हणजे तोही हो म्हणाला असं होत नाही.

हे फक्त वडगावचं. खानापुरात कुंभाराचं चाक आहे, निपाणीत विड्या वळणारे हात आहेत, तंबाखूची वखार आहे, कणकुंबीकडं पावसात सगळं हिरवं. ज्या कामात हात दिसतात ते काम मूकपटाला लई चालतं. प्रेमकथा करू नका असं म्हणत नाही, पण किल्ला तलावाच्या काठावर दोघं बसलेत आणि नुसतं बघताहेत असल्या फिल्मा पुष्कळ झाल्या.

गोष्ट ठरली की वहीत चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात एक शॉट काढा, चित्र येत नसलं तरी काड्यांची माणसं चालतील. पाच मिनिटांच्या फिल्मला चाळीस-पन्नास चौकोन होतात. मग ज्याला गोष्ट माहीत नाही अशा एकाला नुसते चौकोन दाखवा आणि विचारा, काय झालं सांग. तो अडखळतो तिथं शॉट कमी आहे. तिथं पाटी टाकून भागवायचा मोह होतो, टाकू नका, शॉटच वाढवा.

ॲक्टिंगबद्दल. आपली निम्मी पोरं शिवजयंतीच्या चित्ररथावर उभी राहिलेली असतात, ट्रॅकवर डायलॉग वाजतोय आणि हे हात हलवताहेत. ती सवय कामाला येते पण अर्धीच, कारण चित्ररथ रस्त्याच्या त्या टोकाच्या माणसाला दिसायचा असतो म्हणून सगळं मोठ्ठं करायचं, इथं मोबाईल चेहऱ्यापासून दोन फुटांवर आहे. त्यामुळं नुसतं ओठ हलवून खोटं बोलू नका, भुवया उडवू नका, छातीवर हात मारू नका. एक सांगतो ते करून बघा: आधी बघायचं, मग थांबायचं, मग करायचं. पत्र हातात आलं, बघितलं, थांबला, घडी घातली. ते थांबणं असलं की बघणारा स्वतःच विचार करतो. आणि हालचाल नेहमीपेक्षा थोडी सावकाश, कारण बघणाऱ्याला कानाची मदत नाही.

मूकपटाचा एक मोठा फायदा कोण सांगत नाही, शूटिंग चालू असताना डायरेक्टरला ओरडता येतंय! "आता डावीकडं बघ, थांब, थांब, आता उठ", सगळं टेक चालू असताना. नवख्या पोरांकडनं काम काढून घ्यायला यासारखं काही नाही. घरातल्या आजीला, शेजारच्या मावशीला घेतलंत तरी पाठांतराची भीती नाही, त्यांना सांगत राहायचं, त्या करत राहतात.

कॅमेरा: मोबाईल आडवाच धरा. ट्रायपॉड घ्या, स्वस्तातला चालेल, नसला तर विटांवर ठेवा पण हातात धरून पूर्ण फिल्म करू नका. प्रो मोड (सेटिंग स्वतः ठरवायची सोय) असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, कारण आपली लाईट ५० हर्ट्झची, दुसरं काही ठेवलं की ट्यूबलाईटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ मिळत असेल तर उत्तम. जुने मूकपट भराभर पळताना दिसतात म्हणून पोरं एडिटिंगमध्ये स्पीड वाढवतात, ते करू नका. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमच्या आसपास, आणि नंतर तेच २४ च्या स्पीडनं दाखवलं म्हणून माणसं पळतात. त्यांना पळवायचं नव्हतं.

दोन माणसं समोरासमोर असतील तर एकापासून दुसऱ्यापर्यंत, दोघांना जोडणारी एक रेघ आहे असं समजा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर एडिट केल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताहेत असं दिसतं आणि कोण कोणाकडं बघतोय काही कळत नाही. डायलॉग असता तर निभावलं असतं.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर शूट करा, दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. पावसाळ्यात बेळगावचं ढगाळ आभाळ चेहऱ्यांना फार छान. पाऊस दाखवायचा असला तर मागं काहीतरी काळपट पाहिजे आणि उजेड पावसाच्या मागनं यायला पाहिजे, पांढऱ्या आभाळासमोर कितीही कोसळला तरी दिसत नाही.

गणपत गल्ली, खडेबाजारात शूट करायला गेलात की गर्दी होणार, "काय करूलालासा?" विचारणार, बारकी पोरं कॅमेऱ्यात बघून हसणार. एक युक्ती आहे. रस्त्याच्या पलीकडं दोघा पोरांना दुसरा मोबाईल ट्रायपॉडवर लावून उभं करा, त्यांनी मोठमोठ्यानं ॲक्शन-कट करायचं. सगळी गर्दी तिकडं बघत बसते, तुम्ही इकडं गुपचूप शॉट घ्या.

परवानग्यांचं कंटाळवाणं आहे पण ऐका. शहरात रस्त्यावर काही मोठं करणार असाल तर जवळच्या पोलीस स्टेशनला आधी लेखी सांगा, गावात असाल तर पंचायतीच्या पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतंय. कॅम्प भागात मिलिटरीच्या हद्दीत कॅमेरा काढूच नका, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे तिथं. किल्ल्यातल्या कमल बसदीसारखी जागा पुरातत्त्व खात्याकडं आहे, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. ड्रोनचा नाद सोडा, एका बाजूला मिलिटरी, दुसऱ्या बाजूला सांबऱ्याचं विमानतळ. अठराच्या आतल्या पोरा-पोरींच्या घरच्यांची सही घ्या, विशेषतः मुलींच्या घरी स्वतः जाऊन कुठं, किती वेळ, सोबत कोण ते सांगा, म्हणजे मधेच काम सोडायची वेळ येत नाही.

पाट्या. सहा मिनिटांत चार-पाचच्या वर नकोत. जे दिसतंय ते पाटीवर लिहू नका, "ती रडते" अशी पाटी म्हणजे बघणाऱ्याचा अपमान. वेळ, नातं, एखादं महत्त्वाचं वाक्य, एवढ्यापुरतीच. आणि मराठी, कन्नड दोन्ही लिहा, सारख्याच साइजमध्ये. आपल्याकडं बोर्डावरनं काय काय होतं ते मी सांगायला नको, फिल्ममध्ये ते कशाला ओढायचं. कन्नड मजकूर गूगलवरनं उचलू नका, कन्नड शाळेतल्या मित्राकडनं लिहून घ्या आणि त्याच्या घरच्या कोणालातरी वाचायला द्या. पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची? सावकाश मोठ्यानं दोनदा वाचून होईल एवढा.

एडिटिंगला व्हीएन, काईनमास्टर काहीही चालेल, लॅपटॉप असला तर दा विंची रिझॉल्व्ह फुकट आहे. एडिट संपेपर्यंत संगीत लावायचं नाही ही एक अट पाळा. गाणं लावलं की भंगार शॉटसुद्धा बरा वाटायला लागतो आणि काय कापायचं ते कळत नाही. पूर्ण शांततेत बघा, जिथं हात आपोआप दुसऱ्या मोबाईलकडं जातो तिथं कापा. ब्लॅक अँड व्हाईट करायचं का? शहापूर साडीचे रंग गोष्टीत असतील तर अजिबात नको. आणि ते ओरखडे, धूळ, थरथरणारी फ्रेम असले फिल्टर तर नकोच, जुन्या लोकांनी फिल्म स्वच्छ ठेवायला जिवाचं रान केलं आणि आपण मुद्दाम घाण टाकायची?

संगीत तयार डाऊनलोड करू नका, पिक्चरमधली गाणी तर नकोच, यूट्यूब व्हिडिओ अडवतंय. त्यापेक्षा दाखवतानाच लाइव्ह वाजवा. मूकपटांच्या काळात आपल्या थिएटरात पेटी-तबलेवाले पडद्याजवळ बसूनच वाजवायचे. गावात भजनी मंडळ आहे, पेटी, पखवाज, टाळ सगळं तयार, आणि काका लोकांना फिल्म आधी दोनदा दाखवली की ते काय जमवतील याचा तुम्हाला अंदाजच नाही. त्यांना एका कागदावर लिहून द्या: माग चालू, पखवाज, लाईट गेली, सगळं बंद, आजी उठते, फक्त पेटी. आकडे मिनिटांत लिहू नका, काय दिसलं की काय वाजवायचं ते लिहा. वाजवणाऱ्यांना पडदा दिसेल असं बसवा, बाजूला एक छोटा दिवा, दिव्याचं तोंड त्यांच्या कागदाकडं, पडद्याकडं नाही.

दाखवायची जागा म्हणजे देवळासमोरचं पटांगण, गणपतीत मंडळाचा मांडव, नाहीतर कोणाच्यातरी घराची चुना मारलेली भिंत. प्रोजेक्टर शाळेचा किंवा क्लासवाल्यांचा मिळतोय, तीन हजार लुमेन उजेडाचा असला तर आठ-नऊ फुटांच्या पडद्याला पुरे, पण पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका, आणि समोरचा रस्त्यावरचा दिवा तासभर बंद होतोय का ते आधीच विचारून ठेवा. पांढरी चादर घट्ट ताणा, मागनं काळं कापड लावा म्हणजे उजेड आरपार जात नाही. रात्री दहाच्या आत सगळं आवरा, भजनी मंडळ असलं तरी नियम नियमच.

फाईल १०८० मध्ये एमपी४ करा आणि आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच वायरनं चालवून बघा. दोन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि एक लॅपटॉपवर. शेवटच्या नामावलीत सगळ्यांची नावं टाका, पेटीवाले काका, चहा आणून दिलेली मावशी, पलीकडं खोटी ॲक्शन-कट करणारी दोघंही, आणि स्पेलिंग ज्याचं त्याला विचारून.