काळ्या मुंगळ्यांची कॉलनी घरी कशी पाळायची

पहिला वळीव पडून गेला की संध्याकाळी दिव्याखाली पंखवाले किडे जमतात ना, राणी तिथेच शोधायची. त्यात बरीच वाळवी असते, पण वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारखे, मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. जी पंख टाकून भिंतीच्या कडेने एकटीच पळतेय, पाठ फुगीर, पोट मोठं, ती धरा. वारूळ खणून राणी काढू नका प्लीज, एका राणीसाठी अख्खं घर मोडतं.

आता टेस्ट ट्यूब घ्या, एक तृतीयांश पाणी भरा, मग कापसाचा घट्ट बोळा असा सरकवा की तो भिजेल पण पलीकडे गळणार नाही, मग राणी, आणि तोंडाला कोरडा कापूस. काळ्या कागदात गुंडाळून जिथे धक्का लागत नाही अशा कपाटात ठेवा.

आणि मग हात लावायचा नाही. खायलाही द्यायचं नाही! उडायचे स्नायू आता तिला लागत नाहीत, ते आणि अंगातली चरबी जिरवूनच ती पहिल्या अळ्यांना भरवते. मी पहिल्या वर्षी दिवसातून चारदा टॉर्च मारून बघायचो, तिने सगळी अंडी खाऊन टाकली, खूप वाईट वाटलं. आता आठवड्यातून एकदाच, तेही लाल जिलेटीन कागदातून, कारण लाल उजेड मुंग्यांना फारसा दिसत नाही.

अंडी, अळी, कोष असं करत महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी येतात, अगदी छोट्या. मग ट्यूब एका प्लास्टिकच्या डब्यात उघडी ठेवा. डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून आधीच लावून पूर्ण वाळवा, पाय घसरतात, बाहेर येत नाहीत. साखरपाण्याचा एक थेंब, उकडलेल्या अंड्याचा कण, बास. औषध मारलेलं झुरळ चुकूनही नको.

खरी मजा आता. साखरपाणी प्यायलेलीचं पोट एवढं ताणतं की काळ्या पट्ट्यांमधली फिकट कातडी दिसायला लागते. ती ट्यूबमध्ये परत जाते, दुसरी मिशांनी तिचं तोंड थोपटते, आणि दोघींच्या जबड्यांमध्ये एक चकाकता थेंब येतो. घड्याळ लावून बघा, एका मुंगीच्या पोटातलं साखरपाणी किती जणींत वाटलं जातं.

मेलेली मुंगी लगेच उचलत नाहीत, एकदोन दिवसांनी वास बदलला की कचऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकतात. मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1958 साली दाखवलं की हा वास मुख्यतः ओलेइक आम्लाचा, ते जिवंत मुंगीला लावलं तर तीही पाय झाडत उचलून नेली जाते आणि अंग चाटून साफ करेपर्यंत तिला परत घेत नाहीत. म्हणून तो कोपरा पुसायच्या आधी वहीत लिहा, तारीख, किती मेल्या, कुठे टाकल्या.