अर्धं थायरॉइड काढण्याआधीची यादी, आणि सहावा आठवडा

ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर बॅग राहू द्या. कॅलेंडर उघडा, त्या तारखेपासून सहा आठवडे मोजा आणि तिथे लिहा: टीएसएच, म्हणजे थायरॉइड पुरेसं काम करतंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी. फोनमध्ये गजर लावा. घरात ज्या कुणाच्या तारखा लक्षात राहतात त्याच्याही कानावर घाला. बाकीची यादी कुठे पळून जात नाही. हे आधी करा, मग पुढे वाचा.

मी केलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर दुसऱ्या पानाच्या तळाशी, 'टाके विरघळणारे, काढायची गरज नाही' या ओळीखाली निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'टीएसएच, ६ आठवड्यांनी'. त्याच्याच खाली माझी सही. कागद फाइलमध्ये गेला, फाइल कपाटात गेली. थायरॉइडमधली गाठ साधी निघाली होती, त्यामुळे माझ्यापुरता विषय मिटला होता. डोक्यात एवढंच बसलं होतं की अर्धं थायरॉइड शिल्लक आहे, थायरॉइडची गोळी लागणार नाही. खरं तर डॉक्टर 'बहुतेक लागणार नाही' म्हणाले होते. 'बहुतेक' मीच गाळलं.

पुढचे पाच महिने मी जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहायचे. बाकीचे पंखा लावून बसलेले असताना माझे पाय चादरीत. कंगव्यात केसांचा पुंजका. आधी वाटलं आळस, मग वाटलं वय, मग वाटलं ऑपरेशनचा अशक्तपणा असेल. शेवटी दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त दिलं आणि टीएसएच १९ आला. साधारण ४ च्या आत असायला हवा; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वर चढतो.

अर्धं काढल्यावर उरलेलं अर्धं बहुतेकांचं काम निभावून नेतं, पण साधारण पाचांत एकाचं कमी पडतं. ऑपरेशनआधीच ज्यांचा टीएसएच वरच्या हद्दीला टेकलेला असतो किंवा रक्तात थायरॉइडविरोधी अँटीबॉडीज, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रथिनं, असतात, त्यांना हा धोका जास्त. म्हणून आपला आधीचा आकडा माहीत करून घ्या आणि लिहून ठेवा. आणि सहा आठवडेच का? रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, निम्मं व्हायला जवळजवळ आठवडा लागतो, आणि त्याची नवी पातळी ठरून टीएसएच स्थिरावेपर्यंत पाच-सहा आठवडे जातात. आठव्या दिवशी तपासलं तर जुनाच साठा दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी पूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तेव्हा त्यातले बरेचसे सुस्त आणि सुजलेले निघाले. हे त्यांनी १८८३ मध्ये जाहीरपणे मांडलं. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेलही त्यांना मिळालं. १८८३ मध्ये यावर गोळी नव्हती. मला फक्त कपाट उघडायचं होतं.

असो. आता यादी.

सर्जनना भेटाल तेव्हा नेमकं काय काढणार ते विचारा. सहसा एका बाजूचा लोब, म्हणजे अर्धा भाग, आणि दोन्ही भागांना जोडणारा मधला पूल काढतात. सुईने केलेल्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, बेथेस्डा ३ किंवा ४, म्हणजे साधी की कॅन्सरची ते नक्की नाही, असं आलं असेल तर हे ऑपरेशन उपचारासोबत निदानासाठीही असतं. काही गाठी साध्या की कॅन्सरच्या, हे सुईतल्या पेशींवरून सांगताच येत नाही. गाठीच्या आवरणाचा छेद घेऊन ती बाहेर घुसली आहे का ते बघावं लागतं. म्हणजे रिपोर्ट वेगळा आला तर उरलेलं अर्धंही काढायला लागू शकतं. हा प्रश्न आधी विचारा, नंतर फोनवर ऐकून हादरण्यापेक्षा बरं.

आवाज. थायरॉइडच्या मागून स्वरतंतूंची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो, क्वचित कायमचा राहतो. दुसरी एक बारीक नस वरच्या सुरांसाठी असते. आधी दुर्बिणीतून स्वरतंतू बघणार का, ते विचारा. शिकवणं, गाणं किंवा दिवसभर फोनवर बोलणं हे तुमचं काम असेल तर ते स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

औषधं. रक्त पातळ करणारी असतील तर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका; कोणतं कधी थांबवायचं ते ज्यांनी दिलं ते आणि सर्जन मिळून ठरवतील. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, काही तर तीन-चार दिवस आधी थांबवतात. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, कसले कसले अर्क, हे 'औषध थोडंच आहे' म्हणून लपवू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडची कुठलीही तपासणी करण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. त्याने काही लॅबच्या तपासण्या चकतात, टीएसएच खोटाच कमी दिसतो. सहाव्या आठवड्याच्या तपासणीलाही हेच लागू. हो, तीच.

उपाशी राहायची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील ती. साधारण सहा तास अन्न नाही आणि दोन तास पाणीही नाही, पण शेजारच्यांना काय सांगितलं होतं ते धरून चालू नका. दागिने, नेलपॉलिश, चार्जर: ठाऊक आहे तुम्हाला.

कपडे पुढून बटणांचे. डोक्यावरून काढायचा एकही नको. घरी दोन-तीन उशा जास्तीच्या, कारण डोकं उंच ठेवून झोपायचं असतं, सूज कमी राहते. उशाशी एक घंटी. हसू नका. पहिल्या रात्री माझा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नव्हता. मी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाटीवर चमचा आपटला.

सोबतीला जो माणूस येईल तो लिहून घेणारा असावा. भूल उतरताना सांगितलेलं काही डोक्यात राहत नाही, आणि मान हलवून हो हो मात्र आपण म्हणतो. त्याच्या हातात वही द्या, वरच आकडे घालून ठेवा: कोणत्या गोळ्या, पट्टी कधी काढायची, बायोप्सीचा रिपोर्ट कधी आणि कुणाकडून, टीएसएच कोणत्या तारखेला. तारीख लिहा. 'सहा आठवड्यांनी' एवढंच लिहिलेलं माझ्याकडेही होतं.

ऑपरेशन साधारण एक-दोन तासांचं. उठल्यावर गळ्यापेक्षा मानेची मागची बाजू जास्त ठणकते, कारण टेबलावर मान मागे झुकवून ठेवलेली असते. घसा दुखतो तो भुलीच्या नळीमुळे. काही जणांच्या गळ्याला निचऱ्याची बारीक नळी लावतात, दचकू नका. उठून बसताना एक हात डोक्यामागे द्या आणि डोक्याचं वजन त्या हातावर घ्या. हे मला नर्सनी दाखवलं, आणि त्या दिवशी मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच होती.

आता एक गंभीर. पहिल्या चोवीस तासांत, क्वचित त्यानंतरही, आत रक्तस्राव होऊ शकतो. गळा भराभर फुगतोय, घट्ट दाब जाणवतोय, श्वास घ्यायला किंवा गिळायला अवघड जातंय, असं झालं तर झोपून बघू, सकाळी फोन करू, हे चालणार नाही. दवाखान्यात असाल तर तिथल्या तिथे ओरडा (म्हणजे घंटी), घरी असाल तर थेट आपत्कालीन विभाग. कॅल्शियम उतरल्याने ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात. अर्धंच काढल्यावर हे फारसं होत नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींना, हात लागलेला नसतो. तरी आल्या तर कळवा. ताप, जखमेतून पू, तेही.

पहिला आठवडा: मऊ, कोमट खाणं, थोडं चालणं, दुपारची झोप. जखमेच्या वरची कातडी फुगलेली आणि बधिर वाटते, ते उतरतं. गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, तेही बरेच दिवस राहतं. गाडीत बसताना पट्टा आणि गळा यांच्यामध्ये छोटा टॉवेल. स्वतः चालवायची घाई नको. मान पूर्ण वळवून मागे बघता आलं पाहिजे आणि दुखण्याच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या थांबलेल्या हव्यात.

दुसरा आठवडा: जड उचलू नका. रिपोर्ट आला का ते विचारा. 'काही असतं तर कळवलं असतं' हे गृहीत धरू नका, कागद हातात घ्या.

व्रण: जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल, हलकं चोळणं, वर्षभर उन्हापासून जपणं. गिळताना व्रण वरखाली हलतो, दिसायला विचित्र वाटतं. माझा दोन-तीन महिन्यांत थांबला.

तिसरा, चौथा, पाचवा: बरं वाटू लागतं. कामावर जाता. लोक विचारेनासे होतात. इथेच विसरायला होतं.

सहावा: टीएसएच. बरं वाटत असलं तरी. गोळी सुरू झालीच तर सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. नाही लागली तरी पुढची तपासणी कधी ते विचारून या आणि घरी पोचायच्या आत कॅलेंडरवर घाला. माझी फाइल आता कपाटात नसते, फ्रिजला चिकटवलेली असते, दुसरं पान वर करून.