समुद्री घोड्याऐवजी क्लाऊनफिश: मुंबईच्या फ्लॅटमधील खाऱ्या पाण्याची टाकी

समुद्री घोडा घरी पाळायचा आहे, असे सांगणारे परिचित मला अधूनमधून भेटतात, आणि प्रत्येकाला पहिले उत्तर 'नको' असेच द्यावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्री घोड्यांचा समावेश २००१ साली झाला. तेव्हापासून त्यांची खरेदी-विक्री करणे किंवा ते जवळ बाळगणे गुन्हा ठरतो. त्यामुळे एखाद्या दुकानदाराने आतल्या खोलीत नेऊन हवेच्या नळीला शेपटीचा विळखा घालून बसलेला जीव दाखवला, तर भाव न विचारता बाहेर पडावे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी समुद्री घोड्याला जठर नसते. खाल्लेले भराभर पुढे सरकत असल्याने त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. त्यातही जाळ्यातून आलेले समुद्री घोडे बहुधा गोठवलेले खाद्य ओळखत नाहीत आणि समोर अन्न असूनही उपाशी मरतात.

ज्यांना समुद्राचाच जीव घरात हवा आहे, त्यांनी हॅचरीत, म्हणजे माशांच्या प्रजनन केंद्रात, जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी आणावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र आपल्याकडे बसवले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. हॅचरीतला मासा काचेला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. त्याला समुद्रफूल (समुद्रात हा मासा ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा प्राणी) लागतेच, हा समज मात्र चुकीचा आहे. नवशिक्याच्या टाकीत समुद्रफूल माशाच्या आधी मरते आणि मरताना सगळे पाणी नासवते.

टाकी अडीच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद व उंच घेतली, तर तिच्यात सुमारे ११० लिटर पाणी मावते. पाणी, काच आणि दगड धरून हे वजन दीडशे किलोंच्या आसपास जाते. म्हणून टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवावी, आणि घर जुन्या चाळीत लाकडी तुळयांवर असेल तर आधी जाणकाराला विचारावे. सजावटीसाठी प्रवाळाचा दगड घेऊ नये, कारण प्रवाळांनाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड पुरेसे होतात.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकराला एक मोह होतो: समुद्र दहा मिनिटांवर असताना मीठ विकत का घ्यायचे? जुहू किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरील पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते, एवढे उत्तर पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी घ्यावे. मात्र स्वयंपाकघरातील यंत्र चवीसाठी क्षार परत मिसळत असेल, तर ते पाणी चालत नाही. टीडीएस मीटरवरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा दहाच्या खाली असावा. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, आदल्या दिवशी विरघळवावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ आल्याची खात्री करावी.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. टाकीतले पाणी रोज थोडे आटते, पण आटते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. पहिल्या वर्षी मी ही तूट खाऱ्या पाण्याने भरत राहिलो. झाकणाच्या कडेला पांढरी खरड धरली होती, ती मी कौतुकाने पुसत होतो, आणि मोजले तेव्हा आकडा १.०३० च्या पुढे गेलेला होता. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारावी आणि तूट नेहमी साध्या आरओच्या पाण्यानेच भरावी. खारे पाणी फक्त आठवड्याच्या बदलासाठी, तेही दहा-बारा लिटरच.

मासे आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे रिकामी चालवावी लागते. या काळात बाटलीतले अमोनियाचे द्रावण घालून किंवा कोलंबीचा लहानसा तुकडा कुजवून (शेजारी शाकाहारी असतील तर पहिला मार्ग बरा) पाण्यात अमोनिया येऊ द्यावा. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकल्याशिवाय मासा आणू नये. बहुतेक टाक्या याच अधीरतेने बुडतात.

आपल्या हवेत खरी परीक्षा तापमानाची असते. क्लाऊनफिशला २५ ते २७ अंश मानवते. मे आणि ऑक्टोबरमध्ये पंप आणि दिव्यांच्या उष्णतेने बंद खोलीतील टाकी सहज ३१ च्या वर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. अर्थात त्या प्रमाणात रेघेपर्यंत पाणीही अधिक घालावे लागते. रात्री एसी आणि दिवसा बंद खोली अशी चढउतार मात्र स्थिर २८ अंशांपेक्षाही वाईट, म्हणून शयनगृहात टाकी ठेवू नये. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा त्याची किंमत अनेकांना कळली.

क्लाऊनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील मोठा मासा पुढे मादी होतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या आकारांची पिल्ले घ्यावीत, म्हणजे भांडण लवकर मिटते. दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे आणि जो मासा खात नाही, तो घेऊ नये. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो सागरी इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा रोग, असतो. त्यावर तांब्याचे औषध वेगळ्या टाकीतच द्यावे, कारण तांबे दगडात मुरते आणि कोळंब्या-गोगलगायींना मारते. ठिपके न दिसता अंगावर चिकट पांढुरका थर आला आणि मासा पृष्ठभागाशी धापा टाकू लागला, तर तो 'ब्रुकलिनेला' हा परजीवी रोग असण्याची शक्यता मोठी. तेव्हा उपचारासाठी उद्यापर्यंत थांबू नये.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. बाजारातून ओला जवळा आला, तर धुऊन, गोठवून ठेवलेला चिमूटभर जवळा आठवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही. सुकवलेला मात्र नको, त्यात वाळू असते.

सोसायटीत पेस्ट कंट्रोलची सूचना लागली, की टाकी प्लास्टिकने पूर्ण झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा. तो खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. गणपतीच्या दिवसांत धूप आणि अगरबत्तीच्या धुराबाबतही हेच लागू आहे, म्हणून मखर आणि टाकी एका खोलीत ठेवू नयेत.