रोज थोडं लिहायचं ठरवताय? मग टार्गेट ठेवताना या चुका टाळा

जानेवारीत नवी डायरी आणायची, पहिल्या पानावर "रोज हजार शब्द" लिहायचं आणि संक्रांत होईपर्यंत त्याच डायरीत किराणा मालाची यादी सुरू, हे माझ्या ओळखीतल्या लिहिणाऱ्या जवळपास सगळ्यांचं कधी ना कधी झालंय. त्यातल्या काहींनी तर "आपल्यात ते नाहीच" म्हणून लिहिणंच सोडून दिलं आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लिहायला त्यांना छान येत होतं, चुकलं होतं ते टार्गेट. मी नोकरी सांभाळून कथा लिहिते, त्यामुळे या चुकांपैकी बहुतेक सगळ्या मी स्वतः करून झाल्यात.

दुसऱ्याचा आकडा उचलणं

नॅनोरायमो बऱ्याच जणांना माहीत असेल, 1999 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं लिहिण्याचं चॅलेंज, नोव्हेंबरच्या 30 दिवसांत 50,000 शब्दांची कादंबरी लिहायची, म्हणजे रोजचे 1,667 शब्द. ते चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली पण आकडा अजून फिरतोय. मी 2023 ला तो जसाच्या तसा घेतला, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं 12 नोव्हेंबरला. एकीकडे चकलीची भाजणी, साफसफाई, पाहुणे, आणि चौथ्या रात्री 6,668 शब्द व्हायला हवे होते तिथे माझे 2,100 झाले होते, पाचव्या दिवशी फाईल उघडायचीच भीती वाटायला लागली. तो आकडा वाईट नव्हता, तो माझ्या घरातला नव्हता एवढंच.

अजून एक गोष्ट यात कोणी सांगत नाही. हे आकडे इंग्रजीचे असतात. "शी वॉजन्ट इव्हन इन द हाऊस" हे झाले सहा शब्द आणि "ती घरातसुद्धा नव्हती" हे तीन. आपली विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटून येतात ना, म्हणून. दर वाक्याला एवढा फरक पडत नाही, पण इंग्रजीतले हजार शब्द आणि मराठीतले हजार शब्द ही सारखी मेहनत नाहीये, मराठीत हजार म्हणजे बराच जास्त मजकूर झाला. तेव्हा इंग्रजी व्हिडिओ बघून आकडा ठरवला असेल तर आधी तो कमी करा, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चांगल्या दिवसाचा हिशोब धरणं

रविवारी सकाळी घर शांत असताना 800 शब्द झाले की आपण लगेच 800 हेच टार्गेट करून टाकतो. मग बुधवारी ऑफिसात क्लोजिंग, लोकल लेट, घरी आल्यावर पोराला ताप, आणि 800 च्या ठिकाणी शून्य. टार्गेट धरायचं ते अशा बुधवारचं. त्या दिवशी झोपायच्या आधी जेवढं होईल तेवढंच, माझ्यासाठी ते 150 शब्द आहे. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं ना? पण महिन्यात पाच दिवस सुटले असं धरलं तरी 25 दिवसांचे 3,750 शब्द होतात, म्हणजे एका बऱ्यापैकी कथेचा पहिला खर्डा, दर महिन्याला!

आणि एखाद्या दिवशी 600 झाले तर आनंदच आहे, फक्त दुसऱ्या दिवशीचं टार्गेट परत 150 च. दोन आठवडे नीट गेले की लगेच 150 चं 400 करायची जी हौस येते ना, ती आवरा.

हातात नसलेल्या गोष्टीचं टार्गेट

"यंदा तीन दिवाळी अंकांत कथा आली पाहिजे." 1909 च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची आपली ही परंपरा, तिथे आपलं नाव छापून यावं असं वाटणारच आणि वाटायलाच हवं. पण कथा घ्यायची की नाही हे संपादक ठरवणार. एका अंकाकडे मी कथा पाठवली होती, होकार नाही, नकार नाही, थेट अंकच बाजारात आला. त्यानंतर चार महिने मी काही लिहिलं नाही, आणि ते चार महिने गेल्याचं दुःख मला कथा न छापल्यापेक्षा जास्त आहे. आता मी असं लिहून ठेवते की जुलैअखेर दोन कथा पूर्ण करून पाठवायच्या. पाठवल्या की माझं काम झालं, आणि त्याच रात्री तिसरीची पहिली ओळ.

"आज कथेवर बसायचं" एवढंच ठरवणं

बसलात की निम्मा वेळ कुठून सुरू करू यातच जातो. त्यापेक्षा आदल्या रात्री एका ओळीत काम लिहून ठेवा. माझ्या मोबाईलमधली कालची नोट अशी आहे: "मावशी कुलूप उघडते, ओट्यावर चहाचा कप, खाली ओला डाग. एवढंच." कप कोणाचा ते उद्या बघू. असं लिहिलेलं असलं की ट्रेनमध्ये सीट मिळाल्या मिळाल्या सुरू करता येतं, डोकं जागेवर यायची वाट बघावी लागत नाही.

एडिटिंगच्या दिवशीही शब्द मोजणं

900 शब्दांचे 650 केले तर तो दिवस वाया गेला का? अजिबात नाही, उलट कथा सुधारली. पण मोजमाप शब्दांचं असेल तर आपण चांगली काटछाट करायला घाबरतो, आणि वाईट म्हणजे पहिल्या खर्ड्यातसुद्धा आकडा भरायला वर्णनं लांबवतो. खर्डा चालू असताना शब्द, दुरुस्ती चालू असताना वेळ, 20 मिनिटं किंवा दोन पानं, असं बदलून घ्या.

चुकलेल्या दिवसाची उधारी

कालचे 150, आजचे 150, परवाचेही राहिलेत, म्हणजे आता 450... हे ईएमआयसारखं डोक्यावर बसतं आणि आठवड्यात सगळं बंद पडतं. गेला दिवस गेला, आज फक्त आजचं.

मी हे कालनिर्णयवर लिहिते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो, चौकोनात "1 ली.", त्याच्याच खाली पेन्सिलने माझा आकडा, 160, 150, 210, मग दोन रिकामे चौकोन, मग परत 150. रिकामा चौकोन मी भरून काढत नाही. सासूबाई मात्र दुधाचं लिहिताना बघतात आणि विचारतात, "काल नाही लिहिलंस गं?" आणि त्या एका प्रश्नाने मी रात्री दहा वाजता वही उघडलेली आहे, कितीतरी वेळा.

सगळं करूनही अडलंय?

आधी टार्गेट अर्धं करून बघा, 150 चे 75. तेही आठवडाभर जमलं नाही तर अडचण बहुतेक टार्गेटची नाही, कथेतच कुठेतरी तुम्हाला पुढचं माहीत नाहीये. अशा वेळी तो प्रसंग सोडा, मध्ये "इथे भांडण येईल" एवढं लिहा आणि जो प्रसंग डोळ्यासमोर स्पष्ट दिसतोय तिथे जा. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, विरामचिन्हं नंतर घालावी लागतात आणि नावांची वाट लागते, पण भाजी शिजेपर्यंत 75 शब्द आरामात होतात.