टोस्ट सँडविच चिवट का होतं? या चुका टाळा

दुपारी पोळी-भाजीला वेळ नसला की मुंबईच्या गाडीवरचं व्हेज टोस्ट सँडविच आठवतं. बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, हिरवी चटणी आणि भरपूर बटर. साहित्य सगळ्यांच्या घरात असतं, तरी घरचं सँडविच बरेचदा बाहेरून करपतं आणि आतून ओलं राहतं. माझंही कितीतरी दिवस असंच व्हायचं. दोष टोस्टरचा नव्हता, पाण्याचा होता.

काकडी आणि टोमॅटो म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच. ब्रेड ओला असेपर्यंत १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही, आणि खमंग तांबूस रंग तर साधारण १४० अंशांनंतर धरतो. म्हणून ओल्या ब्रेडला आच कितीही वाढवा, वरचा थर जळतो पण कुरकुरीतपणा येत नाही.

सगळ्यात मोठी चूक चटणीत होते. मिक्सर फिरत नाही म्हणून आपण पाणी ओततो आणि तिथेच सँडविच बिघडतं. कोथिंबीर, थोडा पुदिना, मिरच्या, मीठ आणि लिंबाबरोबर चमचा-दोन चमचे डाळं किंवा ब्रेडच्या कडा घाला. पाणी लागलंच तर चमच्याने, थेंब-थेंब. चमचा उलटा धरल्यावर चटणी ओघळली नाही, तर ती जमली.

दुसरी चूक क्रमाची. आधी बटर, मग चटणी. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही. पण ते कोपऱ्यापर्यंत लागायला हवं, मधोमध थापून उपयोग नाही. फ्रीजमधलं कडक बटर ब्रेड फाडतं आणि वितळवलेलं ब्रेडमध्येच जिरतं. सकाळीच बाहेर काढून ठेवा.

भाज्यांवर आधीच मीठ घालू नका, त्यांना पाणी सुटतं. चकत्या पातळ कापून स्वच्छ फडक्यावर टिपा, आणि मीठ-चाट मसाला टोस्टर मिटायच्या क्षणी भुरभुरा. बटाटा सकाळीच उकडून पूर्ण गार करा. गरम बटाट्याचा सुरी लावताच भुगा होतो आणि त्याची वाफ ब्रेडला लागते. बटाट्याच्या चकत्या खाली आणि टोमॅटो मधोमध, म्हणजे त्याचा रस ब्रेडपर्यंत पोहोचत नाही.

ब्रेड आदल्या दिवशीचा चांगला. अगदी ताजा ब्रेड दाबला की चपटा होतो.

गॅसवरच्या लांब दांड्याच्या टोस्टरची कडी लागत नसेल तर जोर लावू नका, दोन चकत्या काढा. नाहीतर रस कडेने बर्नरवर गळतो. आच मध्यमपेक्षा कमी ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला टोस्टर उलटा. चार-पाच मिनिटं लागतात. कान देऊन ऐका: सुरुवातीला चुरचुर आवाज येतो, कडेने वाफ निघते, मग दोन्ही मंदावतात. तेव्हा उघडून वरून थोडं बटर फिरवा आणि प्रत्येक बाजू पंधरा-वीस सेकंद पुन्हा शेका. गाडीवरची चव बरीचशी या शेवटच्या बटरमध्ये आहे, ते वाचवू नका.

टोस्टर नसेल तर तव्यावर ठेवून वर जड पातेल्याचं वजन द्या. वजन म्हणजे झाकण नव्हे. झाकलं की वाफ कोंडते आणि सँडविच मऊ पडतं.

काढल्यावर लगेच ताटात ठेवू नका, खालून घाम फुटतो. जाळीवर दोन मिनिटं ठेवून मग सहा तुकडे करा. डब्यात न्यायचं असेल तर पूर्ण निवू द्या, कागदात गुंडाळा आणि वरची चटणी छोट्या डबीत वेगळी द्या. शेवही तिथेच, खाताना, वरून घालायची.