खाणीच्या डंपवर झाडं मोजायला जाताय? आधी खड्डा खणा

एमएससीच्या प्रोजेक्टला मी गोव्यातल्या डिचोली-सांखळीकडचे जुने खाण डंप, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांचे ढीग, घेतले होते. तेव्हा वाटलेलं सोपं आहे, झाडांची उंची घ्यायची, मातीचे नमुने लॅबला द्यायचे आणि दोन्हीचं गणित जुळवायचं. ते काही जुळलं नाही, दोन महिने गेले त्यात. म्हणून यंदा हा विषय घेणाऱ्यांसाठी लिहितेय.

एकाच डंपवर एकाच पावसाळ्यात लावलेली किंदळाची रोपं, एका टोकाला माझ्या डोक्याएवढी आणि पन्नास पावलांवर जेमतेम गुडघ्याएवढी, आणि पीएच दोन्हीकडे 5 च्या आसपासच, नत्र दोन्हीकडे कमीच. मी आपली वरची 15 सेंमी माती घेऊन परत परत तेच टेस्ट करत होते. शेवटी तिथे झाडांना पाणी घालणारे काका म्हणाले, बाय, मेलेलं एक रोप उपटून बघ की. खणलं तर मुळं खड्ड्याच्या तळापर्यंत नीट गेलेली आणि मग तिथून आडवी वळून गोल गोल फिरलेली, कुंडीत फिरतात तशी! त्या जागेवरून पूर्वी डंपर जायचे. खालचा थर एवढा दाबलेला की पहार टणकन उडत होती.

म्हणून सगळ्यात आधी मातीची घनता बघा, म्हणजे ती किती दाबलेली आहे ते. ती घन सेंमीला 1.6 ग्रॅमच्या वर गेली की चिकण मातीत बहुतेक मुळं शिरतच नाहीत, मग वरून कितीही शेणखत घाला. पण कोअर कटर (मातीत ठोकून नमुना काढायची लोखंडी नळी) घेऊन जाऊ नका, जांभ्याच्या खड्यांमध्ये तो वाकतो. छोटा खड्डा खणायचा, निघालेली सगळी माती सुकवून वजन करायचं, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून मापाने पाणी भरायचं, किती मावलं ते त्याचं आकारमान, आणि वजनाला त्याने भागलं की घनता. आणि 2 मिमीच्या चाळणीवर जे खडे राहतात ते फेकू नका (मी फेकले), वजन करून ठेवा. लॅबचा रिपोर्ट फक्त चाळलेल्या मातीचा असतो, अर्धं वजन खड्यांचंच असेल तर झाडाला प्रत्यक्षात मिळणारं अन्न त्याच्या निम्म्यावर येतं.

स्फुरदाचं वेगळंच. आपल्या लाल मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते धरून ठेवतात, सोडत नाहीत, त्यामुळे लॅबला स्फुरद मोजायला देताना आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत सांगा, ओल्सन नको. शेणखत, पालापाचोळा घातला की ही पकड थोडी सैल होते, आणि मुळांवरची मायकोरायझा बुरशी असेल तर रोप लांबचं स्फुरद ओढू शकतं. डंपच्या मातीत ती फार कमी असते, म्हणून मी तर म्हणेन रोपं लावताना जवळच्या रानातली दोन मुठी माती प्रत्येक खड्ड्यात टाकाच.

अकेशिया बघून फसू नका. ते हवेतलं नत्र घेतं म्हणून कुठेही हिरवंगार दिसतं, त्यावरून माती सुधारली असा निष्कर्ष काढायचा नाही. त्याची पानं लवकर कुजतही नाहीत, खाली नुसता चटईसारखा थर बसतो. सुरुवातीला आधार म्हणून ठीक आहे, पण मधेमधे किंदळ, करंज, जांभूळ यायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

डंपचा माथा, उतार आणि पायथा यांचे नमुने कधी एकत्र करू नका. माथ्यावर पाणी साचतं, उतारावरची बारीक माती पावसात वाहून जाते आणि पायथ्याला गाळ बसतो, तीन जागा म्हणजे तीन वेगळ्या जमिनी. लागवडीचं सालही नीट विचारून घ्या, 2012 ला खाणी बंद, मग सुरू, 2018 ला परत बंद, त्यात लोकांच्या सांगण्यात सालांची सरमिसळ होते.

खणायचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरला उरका, ओल असते तोवर. एप्रिलमध्ये तीच माती चिऱ्यासारखी होते, मी एक खड्डा पूर्ण सकाळभर खणत होते.