डिस्नेचा डायनिंग प्लॅन घेताय? आधी या चुका टाळा

मे-जून आला की अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत एकच धावपळ असते, भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा सुटतात आणि सगळं लटांबर घेऊन ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतं. हॉटेल बुक करता करता साइट विचारते, डायनिंग प्लॅन जोडायचा का? आणि इथे सगळे अडकतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर एक जण म्हणतो घेऊन टाक रे, तिथे पाण्याच्या बाटलीलासुद्धा पैसे मोजावे लागतात, दुसरी म्हणते अजिबात घेऊ नकोस, सरळ सरळ लूट आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, कारण पहिल्याच्या घरी सगळे बर्गर-बिअरवाले आणि दुसरीच्या घरी सासू-सासरे माळकरी.

प्लॅन काय आहे ते आधी पटकन सांगते. २००५ साली हा प्रकार सुरू झाला, २०२० मध्ये कोविडमुळे बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आला, तोही फक्त दोन प्रकारांत. एक क्विक सर्व्हिसवाला, म्हणजे काउंटरवरून ट्रे घेऊन बसायचं, त्यात माणशी दर रात्रीमागे दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसरा साधा 'डायनिंग प्लॅन', त्यात एक काउंटरचं जेवण, एक टेबलावर बसून वेटरकडून घ्यायचं जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत माणशी एक रिफिलचा मग, म्हणजे पेय पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा मोठा कप मिळतो. २०२४ मध्ये पहिल्याचा दर मोठ्या माणसाला एका रात्रीचा ५७.०१ डॉलर होता आणि ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३, दुसऱ्याचा मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९. मी खाली हेच आकडे धरलेत, तुम्ही जाल त्या वर्षीचे दर बघून हिशोब बदला, पद्धत तीच राहील.

दिवस मोजू नका, रात्री मोजा

पाच रात्री राहिलात तर तुम्ही तिथे सहा दिवस खाणार, पण क्रेडिट (म्हणजे प्लॅनवर एक जेवण किंवा एक स्नॅक घ्यायचा हक्क) मिळणार पाचच दिवसांचे. आणि दिवसाला दोन जेवणं म्हणजे नाश्ता धरलेलाच नाहीये. तिसऱ्या वेळचं खाणं तुमच्या खिशातून. 'सगळं खाणं कव्हर' असं समजून जाणाऱ्यांचा पहिल्याच सकाळी फूड कोर्टात भ्रमनिरास होतो.

एक चांगलं आहे की क्रेडिट रोजच्या रोज संपवायची सक्ती नाही. चेक-इनलाच सगळे जमा होतात, मग एका दिवशी तीन वापरा, दुसऱ्या दिवशी एकही नको. चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री मात्र जे उरेल ते बुडालं, परतावा वगैरे काही नाही.

'फक्त मुलांपुरता घेऊ' हे चालत नाही

मुलांचे दर बघून सगळ्यांच्या डोक्यात हा विचार येतोच, कारण मुलांचा टेबलवाला प्लॅन खरंच स्वस्त आहे, मिकी-गूफी टेबलापाशी येतात त्या 'कॅरेक्टर बुफे'ला मुलाचंच बिल चाळीस डॉलरच्या आसपास जातं आणि प्लॅनमध्ये अख्खा दिवस तीसला. पण नियम असा की एका खोलीच्या बुकिंगमधल्या ३ वर्षांवरच्या प्रत्येकाला तोच प्लॅन घ्यावा लागतो. म्हणजे नातवासाठी घेतलात तर दिवसभर ताक-भातावर राहू शकणाऱ्या आजीलाही ९४ डॉलरचा घ्यायचा. वेगळी खोली, वेगळं बुकिंग असेल तर गोष्ट वेगळी, त्यामुळे आई-बाबांना तशीही दुसरी खोली घेत असाल तर त्यांचं पॅकेज स्वतंत्र ठेवा आणि त्यांना प्लॅनमधून मोकळं करा.

अजून एक, मूल दहा वर्षांचं झालं की डिस्नेच्या लेखी ते मोठं माणूस. दहा वर्षांची आमची पोरगी किती खाते हो, चार फ्राइज आणि अर्धं आइस्क्रीम, पण पैसे पूर्ण. उलट तीनच्या आतल्या पिल्लाला काहीच लागत नाही, ते तुमच्या ताटातलं खातं.

खरी चूक: मेनूतल्या सगळ्यात महाग पदार्थावर हिशोब करणं

प्लॅन वसूल होतो असं दाखवणारे जे व्हिडिओ असतात ना, त्यात माणूस प्रत्येक जेवणाला सगळ्यात महाग डिश आणि वर कॉकटेल घेतो. हो, २१ वर्षांवरच्यांना जेवणाबरोबरच्या ड्रिंकमध्ये बिअर, वाइन, कॉकटेल जिथे मिळतं तिथे चालतं आणि अख्ख्या प्लॅनची मेख तिथेच आहे.

एका मोठ्या माणसाचा क्विक सर्व्हिसचा हिशोब करूया. काउंटरवरची डिश साधारण १४ डॉलर, सोडा साडेचार, अशी दोन जेवणं म्हणजे ३७. स्नॅक साडेसहा धरा. झाले साडेत्रेचाळीस. यावर ऑरेंज काउंटीचा साडेसहा टक्के सेल्स टॅक्स लावायचा, तो बरेच जण विसरतात, मेनूवरची किंमत टॅक्स सोडून असते आणि प्लॅनच्या दरात टॅक्स आलेला असतो, म्हणून नुसत्या मेनूशी तुलना केली तर प्लॅनवर अन्याय होतो. टॅक्स धरून साधारण ४६. रिफिलचा मग विकत घेतला तर बाविसेक डॉलरचा, पाच रात्रींत वाटला तर दिवसाचे साडेचार. एकूण ५१. प्लॅन ५७ ला. म्हणजे नीट दोन वेळा जेवून, सोडा पिऊन, मग वापरूनसुद्धा दिवसाला सहाएक डॉलर तुम्ही जास्तच दिलेत. आता हाच माणूस सोड्याऐवजी दोन्ही जेवणांना अकरा डॉलरची बिअर घेत असेल तर आकडा ६४ च्या पुढे जातो आणि प्लॅन चक्क फायद्यात.

आता शाकाहारी आणि न पिणारे सासरे घ्या. शाकाहारी डिश साडेबारापर्यंत मिळते, सोबत पाणी, जे काउंटरवर मागितलं की ग्लासात बर्फ घालून फुकट देतात. दोन जेवणं २५, स्नॅक धरून साडेएकतीस, टॅक्ससकट साडेतेहतीस, आणि रिफिलचा मग वापरला असं मानलं तर ३८. रोज १९ डॉलर पाण्यात. सासू-सासरे दोघं, पाच रात्री, झाले १९० डॉलर, तेवढ्यात ऑर्लँडोमध्येच इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या इंडियन हॉटेलात सगळं घर पोटभर जेवून येईल. आणि रिफिलच्या मगाचं म्हणाल तर तो फक्त हॉटेलवरच भरून मिळतो, पार्कात नाही, आणि त्यात चहा म्हणजे गरम पाणी आणि टी-बॅग. आलं-गवती चहावाल्या माणसाला तो दाखवू पण नका.

टेबलवाल्या प्लॅनचं गणित थोडं वेगळं. कॅरेक्टर बुफे मोठ्या माणसाला ६५ डॉलरच्या आसपास, त्यात काउंटरचं जेवण, स्नॅक, टॅक्स आणि रिफिलचा मग मिळवला तर दिवस शंभराला जातो, प्लॅन ९४ ला. फायदा आहे, पण तो टेबलाचं प्रत्येक क्रेडिट अशाच बुफेवर खर्च केलं तर. एका संध्याकाळी साध्या रेस्टॉरंटात चोवीस डॉलरचा व्हेज पास्ता, गोड आणि सोडा घेतलात की त्या एकाच जेवणात पंचवीसेक डॉलर गेले. आणि पाच रात्री रोज मिकीबरोबर बुफे खायचा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी मुलंच म्हणतात, आई प्लीज आज वरण-भात.

चार मोठे आणि सात वर्षांचा एक मुलगा, पाच रात्री: क्विक सर्व्हिस १,२५९ डॉलर, टेबलवाला २,०३४. ही रक्कम कागदावर लिहा, शेजारी प्रत्येकाच्या नावापुढे तो खरोखर काय खाईल ते लिहा. डिस्नेच्या साइटवर आणि अ‍ॅपवर सगळे मेनू किमतींसकट असतात, त्यामुळे अंदाजपंचे करायची गरजच नाही.

टिप

प्लॅनमध्ये टिप नाही. टेबलावर बुफे खाऊन झाला, बिल क्रेडिटवर मिटलं, आणि मग पावतीच्या खाली टिपची रेघ. ती पूर्ण किमतीवर. आपल्या पाच जणांचं बिल तीनशेच्या घरात, १८ टक्के म्हणजे चोपन्न डॉलर. सहा किंवा जास्त जण असाल तर १८ टक्के आपोआपच लागतात. टेबलवाला प्लॅन घेताना रोजची ही टिप वेगळी धरून ठेवा.

प्लॅन घेतला म्हणजे टेबल मिळालं असं नाही

ही चूक जून-जुलैत हमखास होते. पैसे भरून मोकळे होतात आणि रिझर्व्हेशन करायचं राहूनच जातं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी एकदमच पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं करता येतं. शेफ मिकीज, टस्कर हाउस असली कॅरेक्टर बुफेची रेस्टॉरंटं पटापट भरतात. टेबल मिळालं नाही तर तुमचं महागातलं क्रेडिट शेवटी कुठल्यातरी सामान्य जेवणावर जातं. टेबलवाला प्लॅन घ्यायचाच असेल तर त्या सकाळचा अलार्म लावा. आपल्या जिभेला टस्कर हाउस बरं पडतं, बुफेत मसाल्याचं काहीतरी असतं आणि डोनाल्ड पण येतो.

आणि दोन क्रेडिटवाल्या जागा बघून घ्या. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण किंवा कॅलिफोर्निया ग्रिलसारखं रेस्टॉरंट एका माणसाची दोन टेबल क्रेडिट खातं. दोन कॅरेक्टर बुफे मिळून १३० डॉलर होतात, किल्ल्यातलं जेवण त्याच्या बरंच खाली. मुलीला सिंड्रेलाकडे जायचंच असेल तर जरूर जा, पण तेवढ्या एका जेवणाचे पैसे रोख द्या.

नानच्या नादात

डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंग्डम लॉज हॉटेलातलं साना हे रेस्टॉरंट भारतीय मंडळींचं लाडकं, खिडकीबाहेर जिराफ, टेबलावर नान-पराठ्यांची टोपली आणि नऊ चटण्या-रायती. सगळे तिथे प्लॅन घेऊनच जातात आणि ती टोपलीच मागवतात. पण ती स्टार्टरमध्ये मोडते आणि टेबलाच्या क्रेडिटमध्ये मेन डिश, गोड आणि ड्रिंक एवढंच येतं, स्टार्टर नाही. म्हणजे टोपलीचे पैसे वेगळे द्यायचे. शाकाहारी दोघांनी तिथे क्रेडिट वापरूच नये, टोपली घ्यावी, रोख द्यावेत, पोट त्यातच भरतं.

घेतलाच आहे, आता काय?

घेतला असेल तर हळहळत बसू नका. पॅकेजचे पूर्ण पैसे भरायची मुदत येण्याच्या ३० दिवस आधीची असते, त्याआधी फोन करून प्लॅन काढता येतो का बघा किंवा टेबलवाल्याचा क्विक करून घ्या. ती वेळ गेली असेल तर मग क्रेडिट कुठे वापरायचं एवढंच आपल्या हातात. सकाळचा आठ-दहा डॉलरचा नाश्ता रोखीने घ्या, जेवणाचं क्रेडिट त्यावर जाळू नका. स्नॅकचं क्रेडिट पाण्याच्या बाटलीवर तर मुळीच नाही, मिकीच्या आकाराचं आइस्क्रीम, डिस्नेच्या एपकॉट पार्कात जर्मनीच्या भागात कॅरॅमलचं दुकान आहे तिथलं काहीतरी, असं सहा-सात डॉलरचं बघून घ्या. जे चालतं त्यापुढे मेनूवर प्लॅनची खूण असते, नसेल तर काउंटरवर विचारायला लाजायचं कशाला.

काउंटरवर ऑर्डर देताना आधीच सांगा की डायनिंग प्लॅनवर आहे आणि कुठलं क्रेडिट लावायचं. नाहीतर दोन कॉफी आणि एका मफिनला जेवणाचं क्रेडिट लागून जातं आणि रात्री अ‍ॅपवर बघितल्यावर कळतं. पावती तिथल्या तिथे बघा, चूक दिसली की लगेच कॅशियरला दाखवा, हॉटेलवर आल्यावर निस्तरणं जास्त डोकेदुखीचं.

फुकट म्हटलं की पाघळू नका

डिस्ने अधूनमधून प्लॅन फुकट किंवा मुलांना फुकट अशा ऑफर काढतं. २०२६ साठी ३ ते ९ वयाच्या मुलांना फुकट अशी काढली, पण मोठ्यांनी प्लॅन विकत घेतला तरच. तीन छोटी मुलं आणि दोघं आईबाप असतील तर गणित खरंच बदलतं, एक मूल आणि चार मोठे असतील तर विशेष काही नाही. अख्खा प्लॅन फुकट असतो तेव्हा सहसा खोली पूर्ण दराने घ्यावी लागते, खोलीवरची सूट सोडावी लागते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, कधी कधी खोलीवरची सूटच जास्त पडते.

डबा

आपल्याकडच्या पार्कांत गेटवरच पिशव्या उघडून खाणं काढून ठेवायला लावतात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं इथेही तसंच. डिस्नेत स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ सोडून. दशम्या, चिवडा, लाडू, दाण्याची चटणी घातलेले पोळीचे रोल, सगळं आत जातं. आजी-आजोबा बरोबर असतील तर एक वेळ डबा, एक वेळ काउंटर आणि अख्ख्या ट्रिपमध्ये एक कॅरेक्टर बुफे रोखीने, हे बहुतेक मराठी घरांना प्लॅनपेक्षा स्वस्त पडतं आणि आजींची गोळ्यांची वेळही सांभाळली जाते.

जाता जाता, त्याच ट्रिपमध्ये सीवर्ल्ड किंवा टँपाचं बुश गार्डन्स करणार असाल तर तिथला दिवसभराचा जेवणाचा पास एकदम वेगळा असतो, दर दीड तासाने एक डिश, एक साइड किंवा गोड आणि एक ड्रिंक, तेही प्रत्येकाला स्वतःचा पास हवा, एकात दोघांनी खायचं नाही. सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत थांबणारा कॉलेजातला पोरगा तो आरामात वसूल करतो. दुपारी उन्हाने दमून हॉटेलवर परतणाऱ्यांनी सुटं घ्यावं.